घटक ४ : इंग्रजीतील स्वामित्वदर्शक सर्वनामे – 'माझा' आणि 'माय' यांमधील अंतर

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला

• मराठीतील आणि इंग्रजीतील स्वामित्वदर्शक रूपांमधील मूलभूत भेद सांगता येईल.
• इंग्रजीतील या रूपांच्या दोन मालिका ओळखून त्यांचा योग्य वापर करता येईल.
• आदरार्थी बहुवचन, निर्जीव वस्तूंचे लिंग आणि 'आपला' हे सर्वनाम यांमुळे होणाऱ्या चुकांची कारणे स्पष्ट करता येतील.
• मराठी वाक्याचे इंग्रजी भाषांतर करताना 'कोणाचे?' या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर देता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो,

काही वर्षांपूर्वी एका संपर्कसत्रानंतर एक विद्यार्थिनी मला भेटण्यासाठी थांबल्या. त्या एका वकिलांच्या कार्यालयात टंकलेखनाचे आणि किरकोळ भाषांतराचे काम करीत. त्यांच्याजवळ एका मराठी जबाबाचा कागद होता. त्यातील एक वाक्य असे होते : 'सुमनने जावेला सांगितले, की आपले दागिने बँकेत आहेत आणि तिचे दागिने कपाटात आहेत.' त्यांनी केलेले भाषांतर असे होते : 'सुमन टोल्ड हर सिस्टर-इन-लॉ दॅट हर ज्वेलरी वॉज इन द बँक अँड हर ज्वेलरी वॉज इन द कबर्ड.' ते वाचून वकिलांनी विचारले होते, "कपाटातले दागिने नक्की कोणाचे?" त्या मला म्हणाल्या, "सर, मराठीत तर सगळे स्वच्छ आहे. मी एकही शब्द गाळला नाही. मग अर्थ गेला कुठे?"

प्रश्न अगदी नेमका होता. भाषांतरातला प्रत्येक शब्द शब्दकोशाप्रमाणे बरोबर होता. तरीही दागिन्यांची मालकी वाक्यातून नाहीशी झाली होती. 'माझे', 'तिचे', 'आपले' हे शब्द आपण दिवसभर वापरतो, म्हणून ते सोपे वाटतात. परंतु मालकी सांगण्याची प्रत्येक भाषेची रीत वेगळी असते आणि ही रीत लहानपणीच इतकी अंगवळणी पडते, की ती एक 'रीत' आहे हेच आपण विसरतो. इंग्रजी लिहिताना आपल्या ज्या चुका होतात, त्यांतील बहुतेक अज्ञानातून होत नाहीत. मराठीचे पक्के ज्ञान आपण नकळत इंग्रजीत नेतो, त्यातून त्या होतात. म्हणून या घटकात आपण इंग्रजीचे नियम मराठीच्या शेजारी ठेवून तपासणार आहोत. शेवटी दागिन्यांच्या वाक्याकडे पुन्हा येऊ.

(या पुस्तिकेत इंग्रजी शब्द व वाक्ये उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. सराव करताना ती रोमन लिपीत लिहून पाहावीत.)

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मराठीचे दोन प्रश्न, इंग्रजीचा एक

ज्याची मालकी आहे त्याला आपण 'स्वामी' म्हणू आणि ज्याच्यावर मालकी आहे तिला 'वस्तू' म्हणू. येथे 'वस्तू' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा. भाऊ, गाव, आजार किंवा मत हीही या अर्थाने वस्तूच. संस्कृत व्याकरणपरंपरेत या नात्याला स्वस्वामिभाव असे नाव आहे. षष्ठी विभक्तीने दाखवल्या जाणाऱ्या संबंधांपैकी तो एक प्रमुख संबंध होय.

आता पुढील रूपे पाहा : माझा मुलगा, माझी मुलगी, माझे मूल, माझे मुलगे, माझ्या मुली, माझी मुले. सर्वत्र स्वामी एकच आहे : 'मी'. तरीही शब्दाचा शेवट बदलतो, कारण तो वस्तूचे लिंग व वचन पाहून ठरतो. पुढे विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आले, की 'माझ्या मुलाला', 'माझ्या घरापुढे' असे सामान्यरूप होते. म्हणजे 'माझा' हा शब्द सर्वनामापासून झालेला असला, तरी वागतो विशेषणासारखा. शालेय व्याकरणात त्याला सार्वनामिक विशेषण म्हणतात ते यामुळेच.

तृतीय पुरुषात मराठी आणखी एक गोष्ट करते. 'त्याची बहीण' आणि 'तिचा भाऊ' ही रूपे उकलून पाहा. शब्दाच्या पूर्वार्धात ('त्या-', 'ति-') स्वामीचे लिंग आहे आणि उत्तरार्धात ('-ची', '-चा') वस्तूचे. एकाच शब्दात दोघांची नोंद होते. हिंदीत 'उसका भाई', 'उसकी बहन' असे म्हणताना केवळ वस्तूचे लिंग कळते; स्वामी पुरुष आहे की स्त्री, हे कळत नाही. मराठी मात्र दोन प्रश्न विचारते : 'कोणाचे?' आणि 'काय?'

इंग्रजी एकच प्रश्न विचारते : 'कोणाचे?' स्वामी 'मी' असेल, तर 'माय सन', 'माय डॉटर', 'माय चिल्ड्रन', 'माय हाउस'. वस्तू कोणतीही असो, एक असो वा शंभर असोत, 'माय' जसेच्या तसे राहते. त्याचप्रमाणे स्वामी पुरुष असेल तर 'हिज ब्रदर' आणि 'हिज सिस्टर'. स्वामी स्त्री असेल तर 'हर ब्रदर' आणि 'हर सिस्टर'.

नियम इतका सोपा असूनही चूक होते. 'राजू आणि त्याची बहीण' याचे घाईत 'राजू अँड हर सिस्टर' असे भाषांतर अनेक उत्तरपत्रिकांत आढळते. 'त्याची' या शब्दातील '-ची' आपल्या कानाला स्त्रीलिंगी वाटते आणि हात 'हर' लिहून जातो. उपाय सोपा आहे. इंग्रजी रूप निवडताना मराठी शब्दाच्या शेवटाकडे पाहू नका, आरंभाकडे पाहा. आरंभी 'त्या-' आहे, म्हणजे स्वामी राजू आहे. म्हणून 'हिज सिस्टर'.

इंग्रजी पूर्वीपासून अशीच होती असे नाही. सुमारे ५ व्या ते ११ व्या शतकातील जुन्या इंग्रजीत प्रथम व द्वितीय पुरुषाची स्वामित्वदर्शक रूपे पुढील नामाचे लिंग, वचन आणि विभक्ती यांनुसार बदलत, जवळजवळ आपल्या 'माझा-माझी-माझे'सारखी. तृतीय पुरुषाची 'हिज'सारखी रूपे मात्र तेव्हाही बदलत नसत. पुढे इंग्रजी नामांचे व्याकरणिक लिंग लोप पावले आणि विकाराचे प्रत्ययही झिजले. तेव्हा जुळवून घेण्यासाठी वस्तूकडे काही उरलेच नाही. इंग्रजी केवळ स्वामीकडे पाहते, यामागे हा इतिहास आहे.

४.२.२ दोन मालिका : 'माय' आणि 'माइन'

मराठीत 'हे माझे पुस्तक आहे' आणि 'हे पुस्तक माझे आहे' या दोन्ही वाक्यांत 'माझे' हेच रूप येते. इंग्रजीत या दोन जागांसाठी दोन वेगळी रूपे आहेत. पहिल्या मालिकेतील रूप नामाच्या आधी येते आणि नामावाचून राहू शकत नाही. दुसऱ्या मालिकेतील रूप नामाच्या ऐवजी येते. त्याच्यानंतर नाम कधीही येत नाही.

माझा : माय – माइन
तुझा, तुमचा : युअर – युअर्स
त्याचा (पुरुष) : हिज – हिज
तिचा (स्त्री) : हर – हर्स
त्याचा, तिचा (वस्तू वा प्राणी) : इट्स – (सहसा वापर नाही)
आमचा, आपला : अवर – अवर्स
त्यांचा : देअर – देअर्स

काटेकोरपणे बोलायचे, तर केवळ दुसऱ्या मालिकेतील रूपेच 'सर्वनामे' आहेत, कारण तीच नामाची जागा घेतात. पहिल्या मालिकेला जुने व्याकरणकार 'स्वामित्वदर्शक विशेषणे' म्हणत. आधुनिक भाषाविज्ञानात त्यांना 'निर्धारक' म्हणतात. नाव कोणतेही घ्या, वापरातील भेद मात्र लक्षात ठेवा : 'दिस इज माय बुक', परंतु 'दिस बुक इज माइन'. 'दिस बुक इज माय' हे वाक्य इंग्रजी वाचकाला अपुरे वाटते. पुढे काहीतरी येणार म्हणून तो थांबून राहतो.

दुसऱ्या मालिकेतील रूप तुमच्या पत्रांत नेहमीच येते, पण सर्वनाम म्हणून ते आपल्या ध्यानात येत नाही. मराठी अर्जाच्या शेवटी आपण 'आपला विश्वासू' लिहितो. इंग्रजी अर्जाच्या शेवटी 'युअर्स फेथफुली' लिहितात. हा 'युअर्स' म्हणजे 'आपला'च. त्यात 'एस'पूर्वी अपॉस्ट्रॉफी देण्याची चूक फार जण करतात. या मालिकेतील एकाही रूपात अपॉस्ट्रॉफी येत नाही. नोकरीच्या अर्जात वाचणाऱ्याची नजर सर्वांत शेवटी ज्या शब्दावर पडते, तोच शब्द चुकलेला असू नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य रूप निवडा.
(अ) ही छत्री तिची आहे. – दिस अम्ब्रेला इज (हर / हर्स).
(आ) मीना आणि तिचा भाऊ – मीना अँड (हिज / हर) ब्रदर.
(इ) आमचे घर लहान आहे, त्यांचे मोठे आहे. – अवर हाउस इज स्मॉल, (देअर / देअर्स) इज बिग.

४.२.३ नामापुढील एकच आसन

'माझा एक मित्र पोलीस खात्यात आहे' या वाक्याचे 'माय वन फ्रेंड इज इन द पोलीस' असे भाषांतर आपल्याकडे सर्रास ऐकू येते. मराठीत 'माझा' आणि 'एक' हे दोन्ही शब्द नामापूर्वी सुखाने नांदतात. 'हे तुझे बोलणे मला पटत नाही' या वाक्यात 'हे' आणि 'तुझे' शेजारी बसले आहेत.

इंग्रजीत नामसमूहाच्या आरंभी निर्धारकासाठी जणू एकच आसन असते. त्यावर 'अ' किंवा 'द' हे उपपद बसेल, 'दिस' किंवा 'दॅट' हे दर्शक बसेल किंवा 'माय', 'हिज' यांपैकी स्वामित्वदर्शक बसेल. एक बसला, की दुसऱ्याला जागा नाही. म्हणून 'अ माय फ्रेंड' किंवा 'दिस युअर हॅबिट' अशी रचना होत नाही. 'माय वन फ्रेंड'मध्ये आसनाचा नियम मोडत नाही, परंतु अर्थ बदलतो : ऐकणाऱ्याला वाटते, की तुम्हाला उभ्या आयुष्यात एकच मित्र आहे.

मग मालकीही सांगायची आहे आणि 'एक'ही म्हणायचे आहे, तर काय करावे? इंग्रजी मालकीला नामाच्या मागे पाठवते आणि तेथे 'ऑफ'नंतर दुसऱ्या मालिकेतील रूप वापरते : 'अ फ्रेंड ऑफ माइन', 'दिस हॅबिट ऑफ युअर्स', 'सम रिलेटिव्ह्ज ऑफ हर्स'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' हा दुसरा पर्यायही शुद्ध आहे. लक्षात ठेवा : 'अ फ्रेंड ऑफ माइन' म्हणायचे, 'अ फ्रेंड ऑफ मी' नव्हे.

४.२.४ आदर आणि संख्या

मराठी माणूस वडिलांविषयी लिहिताना 'ते' म्हणतो. 'माझे वडील शिक्षक होते. त्यांची शाळा दूर होती.' येथे 'त्यांची' हे रूप बहुवचनी आहे, परंतु वडील एकच आहेत; बहुवचन आदरासाठी आले आहे. हेच इंग्रजीत नेले, की 'माय फादर वॉज अ टीचर. देअर स्कूल वॉज फार अवे' असे वाक्य तयार होते आणि वाचणारा विचारात पडतो, की ही शाळा आणखी कोणाकोणाची होती.

गंमत अशी, की आईविषयी लिहिताना हीच चूक फारशी होत नाही. बहुतेक मराठी घरांत वडील 'ते' असतात आणि आई 'ती' असते. म्हणून 'तिची साडी'चे 'हर साडी' सहज होते, परंतु 'त्यांचा सदरा' म्हणताना 'देअर' पुढे येते. आपल्या कुटुंबातील आदराची आणि जवळिकीची वाटणी आपल्या इंग्रजीतील चुकांतूनही दिसते!

इंग्रजीत सर्वनामाच्या वचनातून आदर व्यक्त होत नाही. राष्ट्रपती, गुरुजी, सासूबाई, ज्येष्ठ अधिकारी, व्यक्ती एक असेल तर 'हिज' किंवा 'हर' हेच रूप. त्यात अनादर नाही. 'सर आले नाहीत. त्यांची प्रकृती बरी नाही' याचे 'हिज हेल्थ' असे भाषांतर करताना मन कचरते, हे मला ठाऊक आहे. पण आदर दाखवण्यासाठी इंग्रजी दुसरी साधने वापरते. संबोधन, पदवी आणि वाक्याचा सूर ही ती साधने होत.

एका जागी मात्र 'देअर' एका व्यक्तीसाठी शुद्ध ठरते. व्यक्ती स्त्री की पुरुष हे ठाऊक नसेल किंवा सांगायचे नसेल, तर ते वापरतात. 'प्रत्येक विद्यार्थ्याने आपले ओळखपत्र आणावे' : 'एव्हरी स्टुडंट शुड ब्रिंग देअर आयडेंटिटी कार्ड.' पूर्वीची अनेक पाठ्यपुस्तके येथे 'हिज' लिहावे असे सांगत. त्यामुळे विद्यार्थिनी वाक्याबाहेर राहत. एकवचनी 'देअर' हा आधुनिक शोध नाही. असा वापर इंग्रजीत १४ व्या शतकापासून आढळतो. मराठीला ही अडचण येत नाही, कारण 'आपले' हा शब्द स्वामीचे लिंग सांगतच नाही.

४.२.५ खुर्चीचा पाय आणि 'इट्स'

मराठीत खुर्ची 'ती' आहे, पंखा 'तो' आहे आणि दार 'ते' आहे. म्हणून आपण म्हणतो, 'खुर्ची जुनी झाली. तिचा पाय मोडला.' इंग्रजीत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग वा स्त्रीलिंग नाही. त्यामुळे 'हर लेग इज ब्रोकन' हे वाक्य एखाद्या बाईचा पाय मोडल्याचे सांगते! खुर्ची, पंखा, दार, कंपनी, गाव, कायदा या सर्वांसाठी 'इट्स'. वस्तू अनेक असतील, तर 'देअर' : 'झाडे आणि त्यांची पाने' – 'ट्रीज अँड देअर लीव्ह्ज'.

'इट्स' हे रूप इंग्रजीत बरेच उशिरा आले. जुन्या इंग्रजीत 'हिज' हेच रूप पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी अशा दोन्ही स्वामींसाठी वापरत. मराठीकडे पाहा : 'तो'चे 'त्याचा' आणि 'ते'चेही 'त्याचा', आपल्याकडे आजही तेच घडते. 'इट्स' १६ व्या शतकाच्या अखेरीस लेखनात दिसू लागले. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतराच्या मूळ मुद्रणात ते आढळत नाही. तेथे निर्जीव वस्तूंसाठीही 'हिज' येते. 'देअर' हे रूपही मूळचे इंग्रजी नव्हे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून ते इंग्रजीत शिरले. सर्वनामांसारखा भाषेचा गाभ्याचा भागही बदलू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता लेखनाचा मुद्दा. 'आय-टी-एस' ही तीन अक्षरे अपॉस्ट्रॉफीशिवाय लिहिली, तर अर्थ 'त्याचा, तिचा'. 'टी' आणि 'एस' यांच्यामध्ये अपॉस्ट्रॉफी दिली, तर ते 'इट इज' किंवा 'इट हॅज' याचे संक्षिप्त रूप होते. गोंधळ होतो, कारण 'राम्स बुक'मध्ये नामाला मालकीसाठी अपॉस्ट्रॉफी लागते. मग सर्वनामाला का नको? उत्तर असे, की 'हिज', 'हर्स', 'इट्स' ही स्वतंत्र सिद्ध रूपे आहेत. सुरुवातीच्या काळात 'इट्स'मध्येही अपॉस्ट्रॉफी लिहीत असत. पुढे ती पद्धत मागे पडली. शंका आली, की एक कसोटी लावा : त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' ठेवून वाक्य वाचा. अर्थ लागला, तर अपॉस्ट्रॉफी द्या. नाही लागला, तर देऊ नका.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
पुढील भाषांतरांतील चूक शोधून दुरुस्त करा.
(अ) आमचे मुख्याध्यापक आणि त्यांची पत्नी – अवर हेडमास्टर अँड देअर वाइफ.
(आ) नदीने आपला मार्ग बदलला. – द रिव्हर चेंज्ड हर कोर्स. (साधे माहितीपर वाक्य)
(इ) माझी एक मावशी गोव्यात राहते. – माय वन आँट लिव्ज इन गोवा.

४.२.६ 'आपला' : एक शब्द, अनेक वाटा

मराठी-इंग्रजी भाषांतरात सर्वांत जपून हाताळावा असा शब्द म्हणजे 'आपला'. त्याच्या चार प्रमुख वापरांची ओळख करून घेऊ.

(१) कर्त्याकडे परतणारा 'आपला'. 'राधाने आपल्या मुलाला शाळेत नेले.' मुलगा राधाचाच. आजच्या बोलण्यात येथे 'तिच्या मुलाला' असेही म्हणतात, पण मग मुलगा दुसऱ्या कोणा स्त्रीचाही असू शकतो. 'आपल्या' म्हटले, की संशय उरत नाही. इंग्रजीत यासाठी वेगळे रूप नाही. कर्ता पाहायचा आणि त्यानुसार रूप निवडायचे : मी – माय, राधा – हर, ते लोक – देअर. जुन्या इंग्रजीत असे कर्त्याकडे परतणारे एक स्वतंत्र रूप होते. ते मुख्यतः काव्यात आढळते आणि पुढे नाहीसे झाले. ते टिकले असते, तर आपल्या दागिन्यांची अडचण कदाचित आलीच नसती.

(२) सर्वांना सामावणारा 'आपला'. 'आमचे घर' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो; 'आपले घर' म्हणताना तो आत येतो. गुजरातीत आणि तमिळ, तेलुगू यांसारख्या द्राविडी भाषांत हा भेद आहे. हिंदीत आणि इंग्रजीत नाही. इंग्रजीत दोन्हींसाठी 'अवर हाउस'. नव्या सुनेला सासूबाई 'हे आमचे घर' म्हणतात की 'हे आपले घर' म्हणतात, यावर मराठी कुटुंबात किती काही अवलंबून असते! हा भेद अर्थाला महत्त्वाचा असेल, तर इंग्रजीत तो वेगळ्या शब्दांनी सांगावा लागतो. उदाहरणार्थ, 'दिस इज युअर हाउस टू', म्हणजे 'हे तुझेही घर आहे'.

(३) समोरच्या व्यक्तीसाठी आदरार्थी 'आपला'. 'आपले पत्र मिळाले' – 'युअर लेटर'. औपचारिक पत्रात हा अर्थ नेहमी येतो. तेथे 'अवर लेटर' लिहिले, तर पत्र कोणी कोणाला पाठवले तेच उलटे होते.

(४) मालकी न दाखवणारा 'आपला'. 'सगळे भांडत होते, मी आपला गप्प बसलो.' येथे मालकीचा संबंधच नाही. बोलणाऱ्याची अलिप्तता किंवा साधेपणा तेवढा व्यक्त होतो. इंग्रजीत येथे कोणतेही स्वामित्वदर्शक रूप येणार नाही : 'आय जस्ट केप्ट क्वाएट.'

भाषांतरापूर्वी 'आपला' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून वर १, २, ३ किंवा ४ हा आकडा लिहिण्याची सवय लावून घ्या. अर्धे काम तेथेच होते.

४.२.७ मराठीतील मौन, इंग्रजीतील बोल

'मी हात धुतले', 'त्याने डोळे मिटले', 'ती आईला भेटायला गेली' या वाक्यांत मालकीचा शब्द नाही. हात कोणाचे, हे मराठी श्रोत्याला सांगावे लागत नाही. इंग्रजीत मात्र शरीराचे अवयव, कपडे आणि नातेवाईक यांच्या आधी सहसा स्वामी सांगावा लागतो : 'आय वॉश्ड माय हँड्स', 'ही क्लोज्ड हिज आइज', 'शी वेंट टू मीट हर मदर'. म्हणून भाषांतर करताना केवळ मराठीत असलेल्या शब्दांकडे पाहून चालत नाही; न उच्चारलेल्या मालकीकडेही पाहावे लागते.

'स्वतःचा' या शब्दाविषयीही येथेच सांगतो. 'मला स्वतःचे घर आहे' याचे 'आय हॅव ओन हाउस' होत नाही. 'ओन' हा शब्द स्वामित्वदर्शकाचा हात धरूनच येतो : 'आय हॅव माय ओन हाउस' किंवा 'आय हॅव अ हाउस ऑफ माय ओन'.

४.२.८ पुन्हा दागिन्यांकडे

आता मूळ वाक्य तपासू. 'आपले दागिने' म्हणजे सुमनचे, कारण सांगणारी सुमन आहे. 'तिचे दागिने' म्हणजे जावेचे. मराठीने 'आपले' आणि 'तिचे' असे दोन शब्द वापरून दोन स्वामिनी वेगळ्या ठेवल्या. इंग्रजीत दोघीही तृतीय पुरुषी, एकवचनी, स्त्रीलिंगी; म्हणून दोघींच्या वाट्याला 'हर' हे एकच रूप आले आणि मालकी पुसली गेली.

अशा वेळी तीन उपाय असतात. पहिला, 'ओन'ची मदत घेणे : 'हर ओन ज्वेलरी'. दुसरा, सर्वनाम टाकून नाम वापरणे : 'सुमन्स ज्वेलरी'. तिसरा, वक्त्याचे बोलणे प्रत्यक्ष कथनात देणे : 'माय ज्वेलरी इज इन द बँक अँड युअर्स इज इन द कबर्ड.' जबाबाच्या भाषांतरात मूळचे अप्रत्यक्ष कथन बदलणे योग्य नाही, म्हणून तिसरा उपाय तेथे टाळावा. आम्ही त्या दिवशी मिळून केलेले भाषांतर असे होते : 'सुमन टोल्ड हर सिस्टर-इन-लॉ दॅट सुमन्स ओन ज्वेलरी वॉज इन द बँक अँड दॅट हर सिस्टर-इन-लॉज ज्वेलरी वॉज इन द कबर्ड.' वाक्य लांबले, थोडे अवघडही झाले. पण कोणाचे काय, हे आता कोणीही विचारणार नाही. जबाब, मृत्युपत्र, करार, तक्रारअर्ज अशा लेखनात सफाईपेक्षा निःसंदिग्धता श्रेष्ठ मानावी.

जाता जाता त्या विद्यार्थिनी म्हणाल्या, "म्हणजे चूक माझ्या इंग्रजीची नव्हती, माझ्या मराठीला इंग्रजीत जागा नव्हती." या घटकाचे सार यापेक्षा नेमक्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

४.३ सारांश

मराठीतील स्वामित्वदर्शक रूप स्वामी आणि वस्तू अशा दोघांचीही नोंद घेते. इंग्रजीतील रूप केवळ स्वामीची नोंद घेते. इंग्रजीत नामापूर्वी येणारी आणि नामाऐवजी येणारी अशा दोन मालिका आहेत. नामसमूहात निर्धारकासाठी एकच स्थान असल्यामुळे 'अ फ्रेंड ऑफ माइन' अशी रचना करावी लागते. इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही आणि निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंगही नाही. 'आपला' या शब्दाचा अर्थ ठरवल्याखेरीज त्याचे भाषांतर करू नये. जेथे एकाच लिंगाच्या दोन व्यक्ती असतील, तेथे सर्वनामावर विसंबून न राहता नाम वापरावे.

४.४ पारिभाषिक शब्द

स्वामी : ज्याची मालकी वा संबंध सांगितला जातो तो.
निर्धारक : नामसमूहाच्या आरंभी येऊन नामाचा निर्देश निश्चित करणारा शब्द.
आदरार्थी बहुवचन : एकाच व्यक्तीसाठी आदराने वापरलेले बहुवचनी रूप.
अप्रत्यक्ष कथन : दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात सामावून सांगणे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) हर्स. (आ) हर, स्वामी मीना आहे. (इ) देअर्स, पुढे नाम नाही.

प्रश्न – २ : (अ) हिज वाइफ, मुख्याध्यापक एकच आहेत, 'त्यांची' हे आदरार्थी आहे. (आ) इट्स कोर्स. नदी मराठीत स्त्रीलिंगी आहे, इंग्रजीत नाही. काव्यात वा भावपर लेखनात 'हर' येऊ शकते. (इ) 'वन ऑफ माय आँट्स' किंवा 'ॲन आँट ऑफ माइन'.

४.६ उपक्रम

तुमच्या घरातील एखादे जुने मराठी पत्र किंवा कार्यालयातील एखादा अर्ज घ्या. त्यातील सर्व स्वामित्वदर्शक रूपांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाचा स्वामी समासात लिहा. त्यानंतरच पत्राचे इंग्रजी भाषांतर करा. ज्या ठिकाणी इंग्रजीत स्वामी अस्पष्ट राहतो, तेथे तुम्ही कोणता उपाय योजला, हे दोन-तीन ओळींत नोंदवा. ही नोंद पुढील संपर्कसत्राला अवश्य सोबत आणावी.